पित्ताची गोळी एकटी पुरत नाही

चटणीवर आळ

दुधनीत पोट जळायला लागलं की पहिला आळ शेंगाचटणीवर येतो. मग पित्ताची गोळी, चार दिवस आराम आणि पुन्हा तेच. तिखटाने जळजळ वाढेलही, पण अल्सर बहुतेकदा दोन गोष्टींनी होतो : अंगदुखीच्या गोळ्या, नाहीतर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. लोक मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. नोबेल मिळायला मात्र २००५ उजाडलं.

पिवळ्याचं गुलाबी

रेल्वेने सोलापूर किंवा कलबुर्गी गाठून दुर्बीण घातली, की जठराचा कणभर तुकडा काढून युरियाच्या पिवळ्या जेलीत ठेवतात. जंतू असेल तर युरियातून अमोनिया सुटतो आणि जेली गुलाबी होते. जठरातही तो हेच करतो. अमोनियाने भोवतालचं आम्ल मारतो आणि बुळबुळीत अस्तरात दडून बसतो.

चार गोळ्या कशाला?

आम्लात जंतू फारसा वाढत नाही, आणि अमॉक्सिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या जंतूंनाच. क्लॅरिथ्रोमायसिन तर आम्लात टिकतच नाही. म्हणून पित्ताची गोळी आधी आम्ल उतरवते आणि अँटिबायोटिकला वाट करून देते. अँटिबायोटिक एकच दिलं तर त्याला न जुमानणारे थोडे जंतू उरतात आणि पुन्हा फोफावतात. दुसरं असलं की त्यांनाही गाठतं.

या तीन औषधांचा १४ दिवसांचा कोर्स बरीच वर्षं चालला. आपल्याकडे जुलाब लागले की मेट्रोनिडाझोल, खोकला झाला की दुसरं काही, असं वर्षानुवर्षं मनाने खाल्लं गेलं. त्यात जंतू निर्ढावले. त्यामुळे आता पित्ताची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल अशी चौकडी अनेक डॉक्टर देतात. मेट्रोनिडाझोल यातही आहेच, पण बिस्मथच्या जोडीने, पुरेशा मात्रेत १४ दिवस दिलं तर ते बऱ्याचदा लागू पडतं.

सहाव्या दिवशी

तोंड कडू होतं, मळमळतं, शी काळी दिसते. नेमक्या याच सुमारास पोट शांत झालेलं असतं, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. काळी शी बिस्मथची. पण ती डांबरासारखी चिकट असेल, चक्कर येत असेल, तर थेट दवाखाना. टेट्रासायक्लिन दूध-दह्यासोबत नको, त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू बंद. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं.

पुन्हा तपासणी

जळजळ गेली म्हणजे जंतू गेला असं नाही. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी शीची किंवा श्वासाची चाचणी करतात. त्याआधी २ आठवडे पित्ताची गोळी बंद, नाहीतर जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणते. रक्ताची चाचणी इथे कामाची नाही. जंतू मेल्यावरही तिच्यात कित्येक महिने जुनीच खूण दिसत राहते.