बाड्यामागच्या गल्ल्या

ग्वाल्हेरला जाणारा मराठी प्रवासी किल्ला पाहतो, जयविलास महाल पाहतो, फुलबागेजवळ झाशीच्या राणीच्या समाधीपुढे हात जोडतो आणि संध्याकाळी खरेदीसाठी महाराज बाड्यावर येतो. चौकात उभं राहिलं की चहूबाजूंनी दगडी इमारती दिसतात. पोस्ट, स्टेट बँक, टाऊन हॉल, सरकारी छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट, प्रत्येकीची घडण वेगळी. शिंदे सरकारने जगातल्या निरनिराळ्या वास्तुशैली इथे एका चौकात आणून ठेवल्या. फोटो निघतात, चंदेरी साडी घेऊन होते आणि रिक्षा हॉटेलकडे वळते. याच इमारतींच्या पाठीमागे ज्या गल्ल्या सुरू होतात, त्यांत दोनशे वर्षांपासून लोक राहत आहेत. त्यांतले बहुतेक साध्या मिळकतीचे. बाड्याची खरी ओळख मला त्या गल्ल्यांत दिसते.

या सगळ्या भागाचं नाव लष्कर. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर शहर आधीपासून होतंच. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपला तळ दिला आणि तो पुन्हा हलला नाही. उज्जैनची राजधानी इथे आली. आज जो शहराचा गाभा मानला जातो, तो अशा रीतीने शहराबाहेरचं उपनगर म्हणून सुरू झाला.

हा तळ हलता असताना कसा दिसत होता, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या छावणीबरोबर फिरत होता आणि त्याने लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. छावणी हलली की बिनीवाला पुढे जाऊन जागा हेरायचा आणि महाराजांच्या तंबूंच्या जागी पांढरं निशाण रोवायचा. मग एकेका बाजाराचं निशाण ठरलेल्या ठिकाणी लागायचं. दुकानं दोन रांगांत मांडली जायची आणि मधून सरळ रस्ता निघायचा. सरदारांच्या जागाही ठरलेल्या. मुक्काम बदलला तरी शेजार बदलत नसे. अशा छावणीत लढणाऱ्यांपेक्षा इतर माणसं जास्त असत: कारकून, वाणी, सराफ, शिंपी, लोहार, भिक्षुक, गवई. १८१० नंतर तंबूंच्या जागी घरं उभी राहिली.

म्हणूनच इथले पत्ते वाचताना मराठी माणूस थबकतो. चिटणीस की गोठ, निंबालकर की गोठ, शिंदे की छावनी, पाटणकर बाजार, खासगी बाजार, मामा का बाजार, जिन्सी नाला, कंपू. त्यांच्याच मधून डीडवाना ओली लागते, म्हणजे मारवाडातल्या डीडवान्याहून आलेल्या व्यापाऱ्यांची गल्ली. जवळच गश्त का ताजिया आहे. सरदार, सराफ, कारागीर आणि फकीर एकाच तळावर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते, तेच नातं विटा-दगडांत कायम झालं. बाड्यावरच्या गोरखी महालात शिंद्यांचं देवघर आहे आणि तिथेच मन्सूरशाहांचं स्थानही आहे. हे बीडचे सूफी संत महादजी शिंद्यांचे गुरू. शिंदे घराणं त्यांचा उरूस आजही पाळतं.

आता राहण्याचं म्हणाल तर, गोठीतलं, म्हणजे सरदार-मानकऱ्यांच्या नावाने वसलेल्या अशा वस्तीतलं, जुनं घर साधारण अरुंद आणि खोल असतं. रस्त्याकडे ग्वाल्हेरच्या फिकट वालुकाश्माची जाळी किंवा सज्जा, आत एक चौक, चौकाभोवती खोल्या. छताला लांबच लांब दगडी फरशा टाकलेल्या असतात, तिकडे त्यांना पटिया म्हणतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो तेव्हा गल्लीत ऊन थेट पडत नाही आणि जाड भिंतीआड दुपार सुसह्य होते. रात्री मात्र दगड तापलेलाच राहतो, म्हणून सगळं बिऱ्हाड गच्चीवर झोपतं. पाणी तिघरा धरणातून येतं. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी नळ दिवसाआड, आणि मग पिंप, बादल्या, घागरी भरण्यात सकाळ जाते.

तरीही इथे कमी पैशांत चांगलं राहता येतं, कारण वाहन लागत नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गरम बेडई, बटाट्याची रसभाजी आणि जिलबी मिळते. थंडीत गजकाचे ढीग लागतात. किराणा दाल बाजारात, कापड नजरबाग मार्केटात, दागिना सराफ्यात, पोस्ट आणि बँक बाड्यावर. दुखलंखुपलं तर सरकारी जयारोग्य रुग्णालय कंपूच्या बाजूला. जिथे नोकरी किंवा दुकान, तिथे चालत जायचं आणि दुपारी जेवायला घरी यायचं. पुण्या-मुंबईत लोकलला लटकून किंवा दोन बस बदलून कामावर पोचणाऱ्याला ही चैन वाटेल. इथे ती सराफाकडच्या कामगारालाही परवडते.

शाळाही अशीच दाराशी. गोरखीच्या आवारातल्या सरकारी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचे वडील तिथेच शिक्षक होते आणि घर शिंदे की छावनीत. शिक्षकाचा मुलगा राजवाड्याच्या आवारातल्या शाळेत जाऊ शकत होता, कारण राजवाडा आणि शिक्षकाचं घर एकाच वस्तीत होतं.

गाण्याबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण ग्वाल्हेर घराणं आपण मैफलीतून ओळखतो आणि ते वाढलं अशा गल्ल्यांतून. हद्दू खाँ, हस्सू खाँ दरबाराचे गवई होते. पण त्यांच्याकडून विद्या घेणारे पुष्कळ जण मराठी भिक्षुकांच्या आणि कीर्तनकारांच्या घरातले होते. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, म्हणून ही गायकी महाराष्ट्रात आली. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१८ साली पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि गाणं फीच्या पावतीवर कुणालाही शिकता येऊ लागलं. ढोलीबुवांचा मठही लष्करातच. तानसेन समारोहाची सुरुवात आजही सनईने, ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. शिष्य गुरूच्या घराजवळ खोली घेऊन वर्षानुवर्षं राहू शकतो, तेव्हाच घराणं उभं राहतं. तशी खोली परवडणं ही लष्कराची संगीताला मोठी देणगी आहे.

मराठी साहित्याचंही ग्वाल्हेरशी जुनं नातं आहे. भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानाचे राजकवी होते, त्यांचं निधन १९४१ साली ग्वाल्हेरातच झालं. १९६१ साली इथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष.

आजची स्थिती मात्र काळजी वाटावी अशी आहे. जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू आहेत, त्यांना मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. भाडं नाममात्र राहिलं की मालक डागडुजी करत नाही, आणि जे घर आपलं नाही त्यावर भाडेकरू खर्च करत नाही. पटिया तडकते, भिंत ओलावते, पावसाळ्यात एखादा कोपरा खचतो. मालकांच्या घरात वाटण्या होतात, मुलं पुणे-इंदूरला जातात आणि वाड्याचा तळमजला गोदामाला दिला जातो. माणसांच्या खोलीपेक्षा मालाच्या खोलीला जास्त पैसे मिळतात. चप्पल-कापडाच्या गोदामावर लोक झोपतात, डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं आणि गल्लीत अग्निशामक गाडी शिरणार नाही एवढीच वाट. २०१० साली व्हिक्टोरिया मार्केट जळालं, ते तर मोकळ्या चौकात होतं. गल्लीत असं काही झालं तर काय, हा विचार प्रशासनाने आधी करायला हवा.

स्वस्त घरांसाठी शहराबाहेर जावं, असा उपाय सुचवला जातो, आणि तो करूनही पाहिला आहे. दिल्लीवरचा भार हलका करण्यासाठी राजधानी प्रदेशाच्या आराखड्यात जी पाच शहरं निवडली गेली, त्यांत ग्वाल्हेर होतं. १९९२ साली त्यासाठी खास प्राधिकरण स्थापन झालं, लोक त्याला साडा म्हणतात. शहराच्या पश्चिमेला, तिघऱ्याच्या बाजूला नवं नगर आखलं. रस्ते झाले, भूखंड विकले गेले, घरंही बांधली गेली. पण तीन दशकांनंतरही वस्ती म्हणावी तशी वसलेली नाही. जमीन स्वस्त होती, परंतु जवळ काम नव्हतं, बाजार नव्हता, दवाखाना नव्हता. घराच्या हप्त्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जाणार असतील तर माणूस तिथे कशाला जाईल? दौलतरावांच्या छावणीत तंबू उभे राहण्याआधीच बाजारांच्या जागा आखल्या जायच्या. आपले नगररचनाकार अजून घरांपासून सुरुवात करतात.

स्मार्ट सिटीच्या कामांतून बाडा उजळला आहे. टाऊन हॉल दुरुस्त झाला, व्हिक्टोरिया मार्केटात भूविज्ञान संग्रहालय आलं, चौक पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करण्याचे प्रयत्न झाले. हे सगळं चांगलंच झालं. पण दर्शनी इमारतींना मिळालेला पैसा मागच्या गल्लीत पोचलेला नाही. पालिकेने गोठींमधल्या राहत्या घरांच्या दुरुस्तीसाठी मालक आणि भाडेकरू दोघांनाही मदत द्यावी, गोदामं वस्तीतून बाहेर न्यावीत, तारा जमिनीखाली घालाव्यात. माणसं तिथेच राहिली पाहिजेत. ती गेली तर बाड्यावर संग्रहालयं उरतील, पण शहर राहणार नाही.

आणि तुम्ही ग्वाल्हेरला गेलात तर एक सकाळ राखून ठेवा. बेडई खाऊन गोरखीच्या बाजूने चिटणीस की गोठीकडे पायी निघा. रस्ता विचारायचा झाला तर आधी मराठीत विचारून पाहा.