पथरी निघाली, पण रात्र कशी काढायची?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे जातो, अंगातले पाणी घामावाटे निघून लघवी दाट होते आणि पथरीची दुखणी डोके वर काढतात. खडा 2 सेंटिमीटरहून मोठा असेल तर डॉक्टर बहुधा पीसीएनएल सुचवतात. पाठीवर जेमतेम एक सेंटिमीटरची चीर, तिथून मूत्रपिंडापर्यंत वाट, आत दुर्बीण आणि खडा फोडून बाहेर. स्वीडनमधील डॉक्टरांनी 1976 साली या पद्धतीची पहिली नोंद प्रसिद्ध केली.

चीर लहान, म्हणून दुखणेही लहान, असे घरचे धरून चालतात. तसे नसते. ती वाट कातडी, स्नायू आणि मूत्रपिंडाचे आवरण भेदून गेलेली असते आणि पुष्कळदा तिच्यात एक-दोन दिवस नळीही असते. खोकला आला, कूस बदलली, रुकूसाठी वाकले, की कळ उठते.

यावर एक साधा उपाय आहे. ऑपरेशन संपताना, रुग्ण भुलीत असतानाच, सर्जन त्या वाटेभोवती बुपिव्हाकेनसारखे जागा बधिर करणारे औषध टोचतात. दाताचे डॉक्टर हिरडीत देतात त्याच कुळातले. त्यामुळे पहिले काही तास सुसह्य होतात आणि ट्रामाडोलसारखी मळमळ व गुंगी आणणारी औषधे कमी लागतात. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत पाहून पाठीच्या नसांचा ब्लॉक देतात. प्रत्येक ठिकाणी हे होतेच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. पूर्वी अशा इंजेक्शनाने त्रास झाला असेल किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर तेही सांगावे.

गडबड होते ती रात्री. औषधाचा असर साधारण सहा-आठ तासांत ओसरतो. दुपारी हसत बोलणारे अब्बा रात्री कण्हू लागतात आणि घर घाबरते. बहुतेक वेळा बिघडलेले काही नसते, बधिरपणा उतरलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामोल घड्याळ पाहून द्यावी, दुखण्याची वाट पाहू नये. कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने आणू नये. ही औषधे मूत्रपिंडावरच ताण आणतात.

आपल्याकडे बायका तर दुखणे सांगतच नाहीत. भेटायला आलेल्या खालाजान "सब्र कर बेटी" म्हणतात, त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण नर्सला "दुखतंय" सांगणे ही बेसब्री नव्हे. वेदनेपायी खोल श्वास टाळला की छातीत कफ साठतो, उठून चालणे लांबते.

लघवी करताना कुशीत उठणारी कळ मात्र वेगळी. ती बहुधा आत ठेवलेल्या स्टेंटची असते आणि पाठीतल्या इंजेक्शनाने ती जात नाही. स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण विसरलेल्या स्टेंटवर नवे खडे जमतात. काही दिवस लघवी गुलाबी दिसली तर चालते. पण थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली, तर गोळी वाढवत बसू नका. सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.