पावसाळ्यातील जुहू विमानतळ
मुंबईतील जुहूचा छोटा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. मात्र किनाऱ्यालगतची ही सखल जमीन पावसाळ्यात चिखलाने भरून जाई. त्यामुळे त्या काळात टपालविमाने पुण्याहून ये-जा करीत. आज येथून मुख्यत्वे हेलिकॉप्टर उडतात. ‘मुंबई हाय’च्या तेलफलाटांवरील कर्मचाऱ्यांची ने-आण त्यांतूनच होते. येथील उड्डाणे प्रामुख्याने वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर होत असल्याने वाऱ्याइतकेच महत्त्व दृश्यमानतेला आणि ढगांच्या उंचीला असते. मुसळधार सरींत ढग खाली उतरले, समोरचे दिसेनासे झाले, की उड्डाण थांबवावे लागते. भर समुद्रात पाळी संपलेल्या कर्मचाऱ्याचे घरी परतणे त्यामुळे लांबते. पण आभाळ उघडेपर्यंत थांबण्यातच त्याचे हित असते.