विंडोज १०चा सपोर्ट संपला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले तर गेम चालतील का? समजून घ्या

कंधार : नांदेडहून आणलेला सेकंड हँड लॅपटॉप. त्यात विंडोज १०, कॉलेजचे प्रोजेक्ट, घरच्यांचे ऑनलाइन फॉर्म आणि रात्री तासभर जीटीए. कंधार, लोहा, मुखेड भागातील अनेक घरांत असा एकच लॅपटॉप असतो आणि त्यावरच सगळ्यांची कामे चालतात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यामुळे लॅपटॉप बंद पडला नाही, पण त्याला आपोआप मिळणारे सुरक्षा अपडेट थांबले. मुदतवाढीच्या योजनेत नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे.

नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून 'लिनक्स टाकून घे, फुकट आहे' हा सल्ला सध्या सर्रास ऐकू येतो. त्यावर विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : माझे गेम त्यावर चालतील का? बहुतेक चालतील, पण सगळे नाही. कोणते अडतील, हे आधीच तपासता येते.

जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ का मिळत नाही?

विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या जनरेशनपासून सुरू होते. कंपन्यांनी वापरून काढलेले आणि बाजारात पुन्हा विक्रीला आलेले अनेक लॅपटॉप चौथ्या ते सातव्या जनरेशनचे असतात. मशीन धडधाकट असले तरी ते यादीत बसत नाही.

लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती मोफत आहे आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला आहे. तुमच्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच. 'लिनक्स मिंट'सारखी आवृत्ती ४ जीबी रॅममध्ये व्यवस्थित चालते आणि तिचा चेहरामोहरा विंडोज वापरणाऱ्याला फारसा परका वाटत नाही.

विंडोजचा गेम लिनक्सवर थेट का चालत नाही?

गेम सगळी कामे स्वतः करत नाही. फाइल उघडणे, आवाज काढणे, स्क्रीनवर चित्र रंगवणे या प्रत्येक कामासाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतो. विंडोजसाठी बनलेला गेम विंडोजच्या भाषेत हाक मारतो. लिनक्सला ती भाषा कळत नाही, म्हणून गेम सुरूच होत नाही.

देगलूर-बिलोली पट्ट्यातील बाजाराचे उदाहरण घ्या. व्यापारी फक्त तेलुगू बोलतो, शेतकरी फक्त मराठी. माल तोच, काटा तोच. अडते ते भाषेपाशी. मध्ये दुभाषा उभा राहिला की सौदा होतो.

लिनक्सवरील या दुभाष्याचे नाव 'वाइन'. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर' असे त्याच्या नावाचे पूर्ण रूप आहे. इम्युलेटर एका मशीनच्या आत दुसरे खोटे मशीन उभे करतो, त्यामुळे वेग कमी होतो. वाइन तसे काही करत नाही. गेम तुमच्याच प्रोसेसरवर थेट चालतो. फक्त त्याने विंडोजला मारलेली हाक लिनक्सच्या भाषेत पोहोचवली जाते.

प्रोटॉनमुळे काय बदलले?

वाइन असूनही अनेक वर्षे गेमिंगचे घोडे अडले होते ते ग्राफिक्सपाशी. विंडोजचे बहुतेक गेम चित्र काढण्यासाठी 'डायरेक्ट-एक्स' वापरतात आणि ते लिनक्सवर नाही. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला 'निअर : ऑटोमेटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यातून त्याने 'डीएक्सव्हीके' हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. डायरेक्ट-एक्सच्या सूचना ते 'व्हल्कन' या लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीत बदलते.

स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर भाग एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणले. २०२२ मध्ये तिने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आणले. ते लिनक्सवरच चालते. आपल्याच यंत्रावर विंडोजचे गेम चालायला हवेत म्हणून कंपनीने प्रोटॉनवर मोठे काम केले. त्याचा फायदा साध्या लिनक्स लॅपटॉपलाही झाला.

गेम कंपन्या थेट लिनक्ससाठीच गेम का बनवत नाहीत? कारण ग्राहक कमी. स्टीमच्या मासिक सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेला. तेवढ्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती बनवणे आणि ती सांभाळणे छोट्या स्टुडिओला परवडत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम २०२० मध्ये पीसीवर आला, तोही विंडोजसाठीच. असे गेम लिनक्सवर खेळायचे तर मदार प्रोटॉनवरच.

कोणते गेम चालतात, कोणते नाहीत?

एकट्याने खेळायचे बहुतेक गेम प्रोटॉनवर चालतात. खरी अडचण ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये आहे.

- काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ : लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती आहे.
- माइनक्राफ्ट (जावा आवृत्ती) : लिनक्सवर थेट चालतो.
- जीटीए ५ : स्टोरी मोड चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी अँटी-चीट यंत्रणा आल्यापासून जीटीए ऑनलाइन चालत नाही.
- व्हॅलोरंट, फोर्टनाइट : चालत नाहीत.
- एपेक्स लेजेंड्स : आधी चालत होता. ऑक्टोबर २०२४ अखेर कंपनीने लिनक्सवरून प्रवेश बंद केला.
- बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स : हे मुळात फोनचे गेम. विंडोजवर ते खेळण्यासाठी अनेक जण ब्लूस्टॅक्स वापरतात. त्याची लिनक्स आवृत्ती नाही. हे गेम फोनवरच खेळणे सोयीचे.

अँटी-चीटचे घोडे कुठे अडते?

ऑनलाइन गेममध्ये कोणी फसवणुकीचे सॉफ्टवेअर वापरू नये म्हणून पहारेकरी बसवलेला असतो. त्याला अँटी-चीट म्हणतात. व्हॅलोरंटचा 'व्हॅनगार्ड' हा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो. लिनक्सवर विंडोजचा तो गाभाच नाही. दुभाषा बोलणे पोहोचवू शकतो, पण पहारेकऱ्याला बसायला घर बांधून देऊ शकत नाही.

सगळेच अँटी-चीट असे नाहीत. 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन मोठ्या यंत्रणांनी २०२१ पासून प्रोटॉनची सोय ठेवली आहे. ती वापरायची की नाही, हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआयच आहे, तरी तिथे ही परवानगी दिलेली नाही. एपेक्सच्या कंपनीने लिनक्समधून होणाऱ्या चीटिंगचे कारण देत आधी दिलेली परवानगी काढून घेतली. म्हणजे आज चालणारा ऑनलाइन गेम उद्या बंद होऊ शकतो आणि खेळणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. लॅपटॉप बदलण्याचा निर्णय घेताना हे लक्षात ठेवायला हवे.

तुमच्या लॅपटॉपला झेपेल का?

लिनक्स टाकल्याने जुने ग्राफिक्स नवे होत नाही. विंडोजवर जो गेम अडखळत होता, तो इथेही अडखळणार. आणखी एक गोष्ट पाहा. डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. इंटेलच्या सहाव्या जनरेशनपासूनच्या ग्राफिक्सवर ते मिळते. चौथ्या-पाचव्या जनरेशनवर नीट मिळत नाही. तिथे ओपनजीएलचा जुना मार्ग वापरावा लागतो आणि गेम आणखी मंदावतो. म्हणून सेकंड हँड लॅपटॉप घेताना फक्त 'आय-५ आहे' एवढे ऐकून थांबू नका, जनरेशन विचारा.

डेटाचाही विचार करा. जीटीए ५ सारखा गेम शंभर जीबीच्या आसपास जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दोन जीबीत तो उतरवणे म्हणजे दीड-दोन महिन्यांचे काम. मित्राच्या संगणकात तोच गेम स्टीमवर असेल आणि तुमच्या खात्यावरही तो घेतलेला असेल, तर दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर जोडून स्टीममधूनच तो एकमेकांकडे घेता येतो. शेडरच्या तयार फाइलींसाठी स्टीम वेगळा डेटा वापरते. डेटा कमी असेल तर डाउनलोड सेटिंग्जमध्ये ते बंद करता येते. मात्र मग सुरुवातीला गेम थोडा अडखळतो.

लिनक्स टाकण्यापूर्वी हे करा

१. आपल्या गेमची नावे 'प्रोटॉन-डीबी' या संकेतस्थळावर शोधा. तिथे खेळाडू स्वतः अनुभव नोंदवतात. ऑनलाइन गेमसाठी 'आर वी अँटी-चीट येट' ही यादी पाहा.

२. प्रोजेक्ट, फोटो, मार्कशीट, आधारच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. इन्स्टॉल करताना एक पर्याय चुकला तरी संपूर्ण डिस्क पुसली जाऊ शकते.

३. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करा. डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, टचपॅड चालते का, ते तपासता येते.

४. घरात टॅली किंवा एमएस ऑफिसवर काम होत असेल, तर विंडोज काढू नका. ही दोन्ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनत नाहीत. एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम ठेवता येतात, त्याला ड्युअल बूट म्हणतात. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

५. स्टीम टाकल्यावर गेमसमोर इन्स्टॉलचे बटण दिसत नसेल, तर सेटिंग्जमधील 'कंपॅटिबिलिटी'त प्रोटॉन चालू करा. एपिकवरील गेमसाठी 'हिरोइक', इतर गेमसाठी 'ल्यूट्रिस' हे मोफत पर्याय आहेत.

६. ड्युअल बूट असेल, तर गेम विंडोजच्या डी किंवा ई ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नका. त्या ड्राइव्हच्या एनटीएफएस पद्धतीशी प्रोटॉनचे नीट जमत नाही. लिनक्सच्या भागात स्वतंत्र जागा ठेवा.

क्रॅक गेम लिनक्सवर सुरक्षित असतात का?

नाही. 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' या भरवशावर पेनड्राइव्हमधून आलेले क्रॅक गेम वाइनवर चालवणे धोक्याचे आहे. वाइन गेमला घराबाहेर रोखत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये वाइनवर चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या फोटो-फाइलींपर्यंत पोहोचता येते. विंडोजसाठी लिहिलेले घातक सॉफ्टवेअरही त्याच वाटेने त्या फाइली चोरू किंवा खराब करू शकते.

थोडक्यात निर्णय कसा घ्यायचा?

- व्हॅलोरंट, फोर्टनाइट किंवा जीटीए ऑनलाइन हाच मुख्य खेळ असेल, तर गेमसाठी विंडोज ठेवा.
- स्टोरी मोडचे आणि जुने गेम खेळत असाल, तर सहाव्या जनरेशनपासूनच्या लॅपटॉपवर लिनक्स हा चांगला पर्याय आहे.
- दोन्ही हवे असेल किंवा घरच्यांचे काम विंडोजवर असेल, तर ड्युअल बूट करा. बँकेची कामे आणि फॉर्म अपडेट मिळणाऱ्या लिनक्समधून करा.
- काहीच ठरत नसेल, तर पेनड्राइव्हवरून आठवडाभर लिनक्स वापरून पाहा. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही आणि लॅपटॉपमधील काही बदलतही नाही.