मेंदूतली गाठ : जंतूंची की पेशींची?

जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल सुरत–नागपूर महामार्गावर आहे, त्यामुळे इथला मेंदूचा रुग्ण दोन दिशांना जातो. पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर जळगाव. तिथं २०१८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पश्चिमेला पारोळ्यावरून धुळं. तिथं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय. तिथंही भागलं नाही तर नाशिक, पुणे, मुंबई. स्कॅनमध्ये गाठ दिसली असं कळलं, की बहुतेक घरं कॅन्सर धरूनच चालतात. पण क्षयरोग, पोटातले कृमी आणि वाहणारा कान हे तिन्ही मेंदूत गाठ करू शकतात, आणि तिन्हींवर औषध आहे. त्यामुळे गाठ आहे हे कळल्यावर ती कशाची, हे ठरवणं हेच खरं निदान. त्याची सुरुवात साध्या प्रश्नानं होते : त्रास किती दिवसांपासून आहे?

तास, आठवडे, महिने

सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी मूल बेशुद्ध, असा वेग असेल तर संशय जिवाणूंचा मेंदूज्वर किंवा विषाणूंचा मेंदूदाह यांचा. जिवाणूंच्या बाबतीत तासातासाला किंमत असते. पाठीतलं पाणी काढायला उशीर होणार असेल, तर तपासणीसाठी न थांबता सेफट्रायक्झोनसारखं प्रतिजैविक आधी सुरू करतात. विषाणूंमध्ये नागीण गटातल्या हर्पीसवर असायक्लोव्हिर चालतं. चांदीपुरा विषाणूवर मात्र ना औषध, ना लस. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली तो पुण्याच्या विषाणू संस्थेला सापडला. २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात त्यानं मुलांचे बळी घेतले, २०२४ साली गुजरातेत तो पुन्हा उसळला. तो वाळूमाशी चावल्यानं पसरतो; म्हणून भिंतींच्या भेगा बुजवणं, गोठा स्वच्छ ठेवणं आणि फवारणी हेच त्यावरचे इलाज.

बारीक ताप, वजनात घट, वाढती डोकेदुखी, चिडचिड, मग गुंगी, असे दोन-तीन आठवडे गेले असतील तर क्षयाचा मेंदूज्वर डोळ्यांपुढं यायला हवा. महिनोन्‌महिने पहाटेची डोकेदुखी, हळूहळू लुळा पडणारा हात, बदलत गेलेला स्वभाव असा क्रम असेल तर अर्बुदाची, म्हणजे पेशींच्या गाठीची, शक्यता वाढते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच आकडी आली, तर कांदा हुंगवून किंवा अंगारा लावून ती बाब मिटवू नये; स्कॅन करावाच.

कड्याचं कोडं

स्कॅनमध्ये शिरेतून औषध दिल्यावर काही गाठींची कडा अंगठीसारखी उजळते. असं कडं क्षयाच्या गाठीचं असू शकतं, फीतकृमीच्या अंड्यातून वाढलेल्या पुटीचं, पुवाच्या गळवाचं किंवा ग्लायोब्लास्टोमा या उग्र कॅन्सरचंही. भारतीय डॉक्टरांना या कोड्यानं फार छळलं. मुंबईचे शल्यविशारद होमी दस्तूर आणि मज्जाविकारतज्ज्ञ अनिल देसाई यांनी क्षयगाठीचे १०७ आणि ग्लायोमा या अर्बुदाचे १०७ रुग्ण शेजारी शेजारी मांडून केलेला अभ्यास १९६५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला तो १९७१ साली.

सीटी आल्यावर नवीनच पेच पडला. आकडीच्या अनेक रुग्णांत एकच छोटं कडं दिसू लागलं, आणि ते क्षयाचं समजून वर्षभर औषधं दिली जात. वेल्लोरच्या शल्यविशारद वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली निकष मांडले : कडं २० मिलिमीटरपेक्षा लहान, आकार गोल, मेंदूवर दाब नाही, वाढत जाणारा लुळेपणा नाही, तर ते बहुधा कृमीचं. अशी बरीच कडी काही महिन्यांत विरून जातात. आकडीचं औषध, आणि गरजेनुसार अल्बेंडाझोल व स्टेरॉइड, एवढं पुरतं. हा आजार शाकाहाऱ्यांनाही होतो. उघड्यावरच्या मैल्यातली अंडी न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीवरून पोटात जातात.

एमआरआयनं आणखी धागे दिले. डिफ्युजन या तपासणीत गळवातला पू लख्ख पांढरा दिसतो, अर्बुदाचा सडलेला गाभा सहसा तसा दिसत नाही. पुवाची जागा कळली, की सुईनं तो ओढून प्रतिजैविकं सहा ते आठ आठवडे देतात, आणि मूळ वाहत्या कानात असेल तर त्या कानाचाही इलाज करतात. छातीचा एक्स-रे आणि एचआयव्हीची तपासणी स्वस्त आहे, पण निदान फिरवू शकते. मोठ्या माणसांत फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत उतरून अनेक गाठी करतो, हेही विसरता येत नाही. यानंतरही संशय उरला तर तुकडा काढून तपासणं हाच मार्ग. मेंदूतल्या लिम्फोमा या कॅन्सरचा संशय असेल, तर तुकडा काढण्याआधी शक्यतो स्टेरॉइड देत नाहीत. त्यानं गाठ तात्पुरती विरघळते आणि अहवाल कोरा येतो.

उपचारांचा धीर

पाठीतल्या पाण्याची सीबीनॅट तपासणी क्षय लवकर पकडते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं ठरत नाही. लक्षणं सांगत असतील तर औषध सुरू करावंच लागतं. व्हिएतनाममध्ये क्षयाच्या मेंदूज्वराच्या ५४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथाझोन हे स्टेरॉइड जोडल्यानं मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले; अपंगत्व मात्र घटलं नाही. म्हणजे लवकर पोचण्याला पर्याय नाही. औषध चालू असतानाही क्षयगाठ काही काळ फुगू शकते. नेमकं तेव्हाच घरचे घाबरून डॉक्टर बदलतात किंवा गोळ्या सोडतात. गोळ्या वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात.

अर्बुदांतही सरसकट निराशा नको. मेनिंजिओमा बहुतेकदा सौम्य असतो. पूर्ण निघाला तर माणूस पुन्हा कामाला लागतो. ग्लायोब्लास्टोमा मात्र कठीण. २००५ साली रेडिएशनला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड मिळाली, तेव्हा मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. दोन वर्षं जगणारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं २०१६पासून गाठीच्या जनुकांना नावातच स्थान दिलं, त्यामुळे आता काचपट्टीवरच्या नुसत्या रूपावर उपचार ठरत नाहीत.

पैशांची बाजू पूर्वीइतकी अंधारी नाही. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळं होतं. आज महात्मा फुले नावानं चालणाऱ्या या योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि रेडिएशनही येतात. क्षयाची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. अजून कच्चा आहे तो गाव आणि मोठं रुग्णालय यांमधला निरोप. एरंडोलहून चिठ्ठी घेऊन निघालेल्या रुग्णाच्या कागदावर फक्त ‘डोकेदुखी, आकडी’ असेल, तर पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो. त्याच कागदावर त्रास सुरू झाल्याची तारीख, ताप होता की नव्हता, घरात कुणाला क्षय झाला होता का, कान वाहत होता का, कोणतं औषध कधी दिलं, एवढ्या पाच ओळी असल्या, तर कड्याचं कोडं अर्धं तालुक्यातच सुटतं. त्यासाठी यंत्र लागत नाही; दहा मिनिटं आणि पेन लागतो. आणि घरच्यांनी जुन्या फिल्मा कपाटात न ठेवता प्रत्येक वेळी सोबत न्याव्यात, कारण गाठ वाढतेय की विरतेय, हे दोन फिल्मा शेजारी धरल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.