टॅमॉक्सिफेन आणि गर्भाशयाचं अस्तर : साठ वर्षांचा हिशेब

१९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या ऑल्डर्ली पार्क इथल्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी एक नवं संयुग तयार केलं. हवी होती संततिनियमनाची गोळी. उंदरांमध्ये ती लागू पडली, बायकांमध्ये मात्र तिने उलट बीजनिर्मितीलाच चालना दिली. तरीही हे संयुग अडगळीत गेलं नाही. १९७१ साली मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात डॉ. मेरी कोल यांनी ते स्तनाचा कर्करोग बळावलेल्या ४६ रुग्णांना दिलं आणि १० जणींना गुण आला. पुढे टॅमॉक्सिफेन या नावाने ते जगभर पोहोचलं. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठींत पाच वर्षं ही गोळी घेतली, तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. तीही स्वस्त गोळी.

मात्र शरीरात सगळीकडे तिचं वागणं सारखं नाही. स्तनाच्या पेशीत ती इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. गर्भाशयाच्या पेशीत जागा तीच, पण सोबतची प्रथिनं वेगळी. तिथे तीच गोळी सौम्य इस्ट्रोजेनसारखी वागते. व्ही. क्रेग जॉर्डन यांच्या गटाने १९८८ साली हे एकाच उंदरात दाखवलं. त्याच्या अंगात माणसाच्या स्तनाची आणि गर्भाशयाची, अशा दोन्ही गाठी रुजवल्या होत्या. टॅमॉक्सिफेन दिल्यावर स्तनाची गाठ आटोक्यात राहिली आणि गर्भाशयाची वाढत गेली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या चाचणीत माणसांतही तो धोका दिसला. १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅमॉक्सिफेनची नोंद कर्ककारक द्रव्यांत केली, आणि स्तनाच्या कर्करोगावरचं तिचं मोलही त्याच वेळी मान्य केलं.

धोका किती? अमेरिकेतली १९९८ सालची प्रतिबंधक चाचणी १३,३८८ स्त्रियांवर झाली. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वर्षाला हजारी ०.९१ वरून २.३० वर गेला. वाढ मुख्यतः पन्नाशीपुढच्या बायकांत होती. तरुण बायकांत ती नगण्य. गोळी पाचाऐवजी दहा वर्षं घेतल्यास काय होतं, हे ॲटलस चाचणीने तपासलं. पाचव्या ते चौदाव्या वर्षांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका १.६ वरून ३.१ टक्के झाला. त्याने होणारे मृत्यू ०.२ वरून ०.४ टक्के. त्याच काळात स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५ वरून १२.२ टक्क्यांवर उतरले. पारडं कुठे झुकतं, हे स्पष्ट आहे.

खरा घोळ होतो तो सोनोग्राफीपाशी. पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून लाल जात असेल, तर अस्तर ४ मिलिमीटरच्या आत आहे ना, हे पाहतात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईचं अस्तर काही त्रास नसतानाही त्याच्या बरंच पुढे गेलेलं दिसतं, आत बारीक पोकळ्यांची जाळी असते. पुष्कळदा ती नुसती अस्तराखालच्या थराची सूज असते. कधी साधा पॉलिप निघतो. त्यामुळे काही तक्रार नसताना दर वर्षी सोनोग्राफी करू नये, असा अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. अशा तपासणीतून हाती येते ती भीती, क्युरेटिंग आणि कधी कधी 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. गरज नसताना पिशवी गमावलेल्या बायका महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिल्या आहेत. त्यांत आणखी भर नको.

पाळी गेलेल्यांसाठी ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल ही औषधं आली. ती शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत, म्हणून अस्तराला धोका नाही. पण हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात. पाळी सुरू असलेल्यांना मात्र टॅमॉक्सिफेनचाच मोठा आधार आहे.

म्हणून बायकांना कळकळीचं सांगणं : भीतीपोटी गोळी स्वतःहून बंद करू नका. पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं, अगदी एखादा डाग दिसला, तरी लाजू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. आणि डॉक्टरांनीही हे सगळं गोळी लिहून देतानाच बाईला समजावून सांगावं.