घरात मय्यत झाली की मुलांकडे कोण बघतं?

घरात मय्यत झाली की तीन दिवस पाहुण्यांची वर्दळ असते. कुरआनखानी होते, दुआ होते, अम्मी इद्दतमध्ये बसते. या सगळ्यात आठ-दहा वर्षांचं मूल कोपऱ्यात राहून जातं. "रडू नकोस, आता तूच घरातला मोठा," असं कोणीतरी सांगतं. मूल गप्प होतं आणि आपण समजतो, त्याने सब्र केला.

आम्हा शिक्षकांना वर्गात वेगळंच दिसतं. डबा तसाच परत जातो, वही कोरी राहते. लहान मुलांना मृत्यू कायमचा असतो हे लवकर कळत नाही. काहींना वाटतं, 'मी हट्ट केला म्हणून अब्बा गेले.' पण ती हे कोणाला बोलून दाखवत नाहीत.

इथे गोष्टीची पुस्तकं कामी येतात. दुसऱ्याच्या दुःखातून मुलाला आपलं दुःख जरा लांबून बघता येतं. नको वाटलं तर पुस्तक मिटताही येतं. सीरतची पुस्तकं आपल्या घरी असतातच. हुजूर (स.) जन्माआधीच यतीम झाले, सहाव्या वर्षी आई आणि आठव्या वर्षी आजोबा गेले. मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हणून मुलाला सांगा, रडलं म्हणजे सब्र सुटला असं नाही.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. अशा ठिकाणी मुलाला कोणी 'बिचारा' म्हणत नाही. पुस्तक परत करायची तारीख असते, म्हणजे पुढच्या आठवड्यात जायला एक जागा असते. अम्मीच्या इद्दतचे चार महिने दहा दिवस मामा किंवा चाचांनी ही जबाबदारी घ्यावी.

पुस्तक मुलालाच निवडू द्या. उर्दू असो की मराठी, हसवणारं असलं तरी चालेल. मृत्यूवरचंच पुस्तक हातात कोंबू नका. शेजारी बसून वाचा. त्याने विचारलं तर सरळ सांगा, अब्बांचा इंतकाल झाला आहे, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. 'झोपले आहेत' म्हणू नका, मूल झोपायलाच घाबरेल.

पुस्तक हे औषध नाही. कित्येक आठवडे झोप-जेवण सुटलं, किंवा 'मलाही अब्बांकडे जायचंय' असं मूल बोललं, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे.

यतीमच्या डोक्यावर हात ठेवणं आपण सवाबचं काम मानतो. त्याच हाताने त्याला वाचनालयापर्यंत घेऊन जाऊया.